जर्मन पॅनकेक ओटीजीत फुगत का नाही? आधी भांडं तापवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्न विचारणाऱ्या ताई अमेरिकेत सिअ‍ॅटलला राहत होत्या तेव्हा तिकडच्या पॅनकेक हाऊसमध्ये जर्मन पॅनकेक खायच्या, तो कडा वर चढलेला, मधे खोलगट, वरून पिठीसाखर आणि लिंबू पिळलेला. आता पुण्यात परत आल्यावर २८ लिटरच्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, तोच करून बघतायत आणि तो काही फुगत नाही. चार अंडी, एक कप मैदा, एक कप दूध, अर्धा चमचा बेकिंग पावडर, आठ इंचाचं काचेचं भांडं, १८० डिग्री, अर्धा तास. खालून पांढरा, मधे ओलसर, चावायला चिवट आणि अंड्याचा वास. एकदाच कधीतरी फुगला तर टेबलावर आणेपर्यंत बसला. आणि विचारलंय की बेकिंग पावडर वाढवू का.

नको. उलट आहे तीही काढून टाका, का ते पुढे सांगते.

मी घरून बेकिंगचे क्लास घेते आणि हा पदार्थ शिकवताना बघते की ज्यांना केक चांगला जमतो त्यांचाच हा पहिल्यांदा बिघडतो, कारण केकच्या सगळ्या चांगल्या सवयी इथे आडव्या येतात. १८० डिग्री, हलका सोनेरी रंग आला की बाहेर, भांडं गार असताना बॅटर ओतायचं, हे सगळं केकसाठी बरोबर आणि ह्याच्यासाठी चूक.

आधी एक गोष्ट वेगळी करून घेऊ. तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी एकत्र आल्यात, फुगत नाही ही एक आणि बसतो ही दुसरी. दुसरी तक्रार सोडून द्या. हा पॅनकेक बसणारच, सिअ‍ॅटलमधल्या ज्या मँकाज कॅफेचं नाव ह्या पदार्थाशी जोडलं जातं तिथेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बसतच असणार. फुलका तव्यावरून ताटात येईपर्यंत वाफ निघून बसतो, त्यावर कोणी हळहळत नाही, तसंच हे. आत वाफ आणि गरम हवा आहे, बाहेर काढलं की ती गार होते, मधला भाग मऊ असतो तो खाली येतो आणि कडा जर नीट भाजल्या असतील तर त्या उभ्या राहतात. बसल्यावर जी वाटी तयार होते तीच तर हवी असते, लिंबू साखर नाहीतर फळं त्यात घालायला. कडासुद्धा लोळागोळा झाल्या तर मात्र तो कच्चा राहिलाय असं समजायचं.

आता फुगण्याचं. ह्यात यीस्ट नाही, सोडा नाही, अंडी फेसून हवा भरायची नाही, मग फुगवतं कोण? दुधातलं आणि अंड्यातलं पाणी. पाण्याची वाफ झाली की त्याची जागा साधारण सोळाशे सतराशे पट वाढते, म्हणजे चमचाभर पाण्याची वाफ झाली तरी ती बॅटरला उचलायला भरपूर आहे. पण ही वाफ अडवायला वर एक ताणली जाईल अशी चादर लागते, ती अंड्यातल्या प्रथिनांची आणि थोडीफार मैद्याची. ही चादर साठ पासष्ट डिग्रीच्या पुढे घट्ट व्हायला लागते. म्हणजे शर्यत आहे बघा, वाफेने चादर मऊ असतानाच खालून धक्का द्यायला हवा आणि मग चादरीने फुगलेल्या अवस्थेत घट्ट व्हायला हवं. उष्णता हळूहळू पोचली तर चादर आधीच जागच्या जागी घट्ट होते, वाफ नंतर उगाच कुठूनतरी भोक पाडून निघून जाते, आणि हातात राहतो अंड्याचा जाड चिवट थर. तुमचं नेमकं हेच झालंय.

तेव्हा माझ्या मते सगळा खेळ पहिल्या चार पाच मिनिटांत भांड्याच्या बुडातून किती उष्णता वर जाते ह्याचा आहे. बाकी सगळं, म्हणजे दूध कुठलं, मैदा कुठल्या ब्रँडचा, व्हॅनिला किती, हे दुय्यम. आणि इथेच ओटीजी फसवतो. दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, एवढाच त्याचा अर्थ. भांडं तापलेलं नसतं, आणि हवेत उष्णता साठून तरी किती राहणार, दार उघडलं की अर्धी बाहेर. अमेरिकेतला घरातला ओव्हन मोठा असतो, भिंती जाड, तिथे दार उघडून बॅटर ओतलं तरी तो सावरतो, आपला २८ लिटरचा डबा तेवढा सावरत नाही. म्हणून तिकडच्या रेसिपीत लिहिलंय तसंच्या तसं इथे केलं तरी वेगळं होतं.

ह्यावर माझा उपाय सोपा आहे, भांडं ओव्हनमध्ये तापवूच नका, गॅसवर तापवा. बिडाचं आठ इंची पॅन असेल तर मध्यम आचेवर चार पाच मिनिटं ठेवायचं, पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून नाचला पाहिजे. तोपर्यंत ओटीजी २३० वर दोन्ही रॉड लावून निदान वीस मिनिटं तापलेला असू दे, दिवा विझल्यावरही थांबा. मग पॅनमध्ये बटर घालायचं, ते वितळून फेसाळतं, फेस जरा खाली बसला की गॅस चालू असतानाच मधोमध बॅटर ओतायचं, ढवळायचं नाही, पसरवायचं नाही, मनात पाच म्हणेपर्यंत थांबून सरळ ओव्हनमध्ये. कडेने बॅटर लगेच चुरचुरायला लागलेलं दिसेल, ते दिसलं की समजा काम झालं.

बिडाचं पॅन मी म्हणते कारण ते जड असतं, आठ इंची पॅन दीड किलोच्या आसपास भरतं, त्यात उष्णता साठते आणि दोनशे ग्रॅम गार बॅटर पडलं तरी ते थिजत नाही. पण एक अडचण, बऱ्याच पॅनच्या दांड्यामुळे लहान ओटीजीचं दार लागत नाही. दार किंचित जरी उघडं राहिलं तर प्रयोग वाया, तेव्हा आधी गार पॅन आत ठेवून दार लावून बघा. नसेल मावत तर जाड बुडाचं स्टीलचं पसरट भांडं चालेल, दोन कानांचं, कडा निदान दोन इंच उंच हव्यात. ॲल्युमिनियमचा केकचा टिन पण चालतो, तो हलका असल्यामुळे गॅसवर दीड दोन मिनिटांत तापतो आणि तितक्याच लवकर गारही होतो, म्हणून त्यात ओतल्यावर रेंगाळायचं नाही. नॉनस्टिक मी ह्या तापमानाला वापरत नाही, आणि प्लॅस्टिकचा दांडा असेल तर प्रश्नच नाही. पोळीचा तवा नको, त्याला कडाच नाहीत.

आणि काचेचं भांडं कृपा करून बाजूला ठेवा. काच हळू तापते हे एक, आणि रिकामी तापलेली काच त्यात गार बॅटर हे दुसरं, तडकली तर ओव्हनभर काचा. काच गॅसवरही ठेवता येत नाही. खालून पांढरा राहतो म्हणालात त्याचं कारण बहुतेक तुमचं हे भांडंच.

आता प्रमाण. चार अंडी, कपभर मैदा आणि कपभर दूध आठ इंचाच्या भांड्यात म्हणजे पाऊण लिटरच्या डब्यात लिटरभर भरल्यासारखं झालं. थर हिशेबाने दीड पावणेदोन सेंटीमीटर होतो, खालची वाफ तेवढा थर उचलू शकत नाही. थर अर्ध्या सेंटीमीटरच्या थोडा वर असावा, बस. शिवाय कपाची भानगड वेगळीच, मैदा डब्यात कप खुपसून भरला तर तो १४० ग्रॅमच्या पुढे जातो आणि चमच्याने हलका भरला तर १२० ते १२५. आणि आपल्याकडचं नेहमीचं अंडं अमेरिकेतल्या लार्ज अंड्यापेक्षा बऱ्याचदा लहान असतं, तिकडे लार्ज म्हणजे सालीसकट साधारण ५७ ग्रॅम. म्हणजे तिकडची रेसिपी इथे केली की अंडं कमी, मैदा जास्त, आपोआप चिवट.

म्हणून मी संख्या सांगत नाही, वजनाने सांगते. अंडी फोडून वजन करा. त्याच्या ८० टक्के दूध आणि ४० टक्के मैदा. दोन अंडी फोडून ९० ग्रॅम भरली तर दूध ७२ मिली आणि मैदा ३६ ग्रॅम, हे आठ इंची पॅनला पुरतं. तीन अंडी असतील तर नऊ दहा इंची पॅन लागेल, तेवढं तुमच्या ओटीजीत मावणार नाही बहुतेक. दोन अंड्यांना साखर दोन छोटे चमचे, जास्त नाही, साखर वाढली की कडा आतून शिजायच्या आधीच काळ्या पडतात. बटर २० ते २५ ग्रॅम. साधं मिठाचं बटर वापरत असाल तर वेगळं मीठ नको.

वजनकाटा नसेल तर? दोन अंडी, मैदा पोह्याच्या चमच्याने चार सपाट, दूध पाव कप आणि वर एक घोट, असं करता येईल पण चमचे प्रत्येकाच्या घरी वेगळे, तेव्हा शेवटी बॅटरकडे बघायचं. ते घावनाच्या पिठापेक्षा किंचित दाट असावं आणि पळीवरून सलग धारेने पडावं. डोशाच्या पिठासारखं दाट वाटलं तर चमचा चमचा दूध घालत सैल करा.

दूध म्हशीचं घट्ट असेल तर त्यात थोडं पाणी घालून सैल करते मी, वाफ पाण्याची होते, सायीची नाही. अंडी फ्रीजमधून काढून सालीसकट दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवायची आणि दूधही हाताला कोमट लागेल एवढं. गार बॅटर म्हणजे गॅसवर कमावलेली उष्णता पुन्हा घालवणं. मिक्सरमधून पंधरा वीस सेकंद फिरवा किंवा विस्कने, फक्त विस्कने करताना आधी मैदा आणि थोडं दूध एकत्र करून गुठळी मोडून मग अंडी घालायची. नंतर वीस मिनिटं झाकून ठेवा, मैदा नीट भिजतो आणि मिक्सरचा फेस खाली बसतो. फेस असताना ओतलं तर काही जगबुडी होत नाही पण पॅनकेक एका बाजूला वेडावाकडा उचलला जातो, कधी मधेच मोठा फोड. तसा तो वेडावाकडा उठतोच म्हणा, तीच त्याची मजा आहे, लहान मुलं ओव्हनसमोर बसून बघतात.

बेकिंग पावडरचं आता. ती घातली की आत सगळीकडे बारीक बारीक भोकं होतात आणि पोत केककडे झुकतो. इथे आपल्याला एकसंध चादर हवी जिच्याखाली मोठी वाफ अडकेल, जाळी झाली की वाफ त्यातून निघून जाते. म्हणून नको.

बटर की तूप, हे बरेच जण विचारतात. बटरमध्ये दुधाचा अंश असतो तो आधी बदामी होतो, वास फार छान येतो, आणि मग जळतो. म्हणून भांड्याबरोबर बटर पंधरा वीस मिनिटं तापवायचं नाही, शेवटच्या मिनिटाला घालायचं. साजूक तूप जळत नाही लवकर, पण चव बदलते, वाईट नाही पण वेगळी. मी अर्धं तूप अर्धं बटर घालते, तूप आधी, आणि बटर अगदी बॅटर ओतायच्या वेळी. घरचं लोणी असेल तर त्यात ताकाचं पाणी राहिलेलं असतं, ते तापलेल्या बिडावर चांगलंच उडतं, जपून.

ओव्हनमध्ये गेल्यावर रॅक सगळ्यात खालची. लहान ओटीजीत ही गोष्ट फार महत्त्वाची आहे कारण वरचा रॉड जवळ असतो आणि पॅनकेकच्या कडा दोन तीन इंच वर येतात, रॉडला टेकल्या तर जळून धूर. शिवाय वरचा रॉड फार जवळ असला की वरची साल आधीच कडक होते आणि फुगणं तिथेच थांबतं. तुमच्या ओटीजीत रॉड किती जवळ आहे ते मला इथून दिसत नाही, आत टेकायला जागा कमी असेल तर प्रीहीट दोन्ही रॉडवर करून पॅन आत गेल्यावर पहिली सात आठ मिनिटं फक्त खालचा चालू ठेवा, मग दोन्ही. पंखा असेल तर तो बंद, निदान सुरुवातीला, पंख्याचा वारा वरची साल लवकर सुकवतो.

तापमान ओतल्यावर २२०. दार बारा तेरा मिनिटं उघडायचं नाही, काय वाट्टेल ते झालं तरी, काचेतून बघा. आठ इंचीला साधारण १५ ते १८ मिनिटं लागतात पण घड्याळापेक्षा रंगावर जा. कडा गडद तपकिरी हव्यात आणि मधे जागोजागी तपकिरी डाग पडलेले हवेत. केकवाल्यांना हा रंग बघून भीती वाटते आणि ते दोन मिनिटं आधीच बाहेर काढतात, मग कडा बसतात आणि म्हणतात जमला नाही. रंग आला की १६० वर आणून, सुरीच्या टोकाने मधे दोन तीन ठिकाणी भोसकून वाफ काढून अजून तीन चार मिनिटं आत राहू दिला तर कडा जास्त वेळ कुरकुरीत राहतात. मधे थोडा कस्टर्डसारखा मऊ राहतो तो तसाच असतो, पण चमच्याने दाबल्यावर कच्चं बॅटर वर आलं नाही पाहिजे.

ओटीजीचे आकडे खरे नसतात बरं का. डायल २२० दाखवते आणि आत १९० असू शकतात किंवा उलट. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, महाग नाही, तो घ्या, फक्त ह्याच्यासाठी नाही, तुमचे केक आणि बिस्किटंपण सुधारतील. तो नसेल तोवर डायल जेवढी जाईल तेवढी वर ठेवून प्रीहीट करा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असणाऱ्यांनी पण हेच करायचं, त्यातले बरेचसे २०० किंवा २२० च्या वर जात नाहीत आणि पंखा बंद करता येत नाही, म्हणून त्यांना तर गॅसवर भांडं तापवण्याला पर्यायच नाही. एअर फ्रायरमध्ये सहा इंची टिन ठेवून एका अंड्याचा होतो, वरून लवकर काळा पडतो, मला तो फारसा आवडत नाही.

अंड्याच्या वासाबद्दल. अर्धं काम भाजण्यानेच होतं, पांढरा राहिलेला पॅनकेक जास्त वास मारतो आणि नीट तपकिरी झालेला कमी. बाकी लिंबाची साल किसून, फक्त पिवळा भाग, पांढरा कडू लागतो, आणि चिमूटभर जायफळ. जायफळ ह्यात इतकं छान लागतं की मी व्हॅनिला घालणंच सोडलंय, आणि आपल्या नाकाला ते ओळखीचं असल्यामुळे घरातली अंड्याला नाक मुरडणारी मंडळीसुद्धा खातात.

बिनअंड्याचा होतो का, हा प्रश्न कोणीतरी खाली विचारणारच म्हणून आत्ताच सांगते. नाही होत. दही, जवसाची पूड, कस्टर्ड पावडर घालून काहीतरी पदार्थ नक्की होईल आणि चांगलाही लागेल, पण तो असा कडा चढवत फुगणार नाही कारण ती ताणली जाणारी चादर अंड्याची आहे. मैद्यात मात्र फेरफार चालतो. एक चमचा मैद्याऐवजी कॉर्नफ्लोअर घातलं तर कडा जास्त कुरकुरीत होतात. कणीक पाव हिश्श्यापर्यंत ठीक, त्यापुढे जड होत जातो.

वर काय घालायचं ते तुमच्यावर, पण घालायचं ते बाहेर काढल्यावर. बॅटरमध्ये सफरचंदाच्या फोडी घालून भाजणारे आहेत, छान लागतं, पण फळाच्या वजनाने मधला भाग कमी उचलला जातो, तेव्हा आधी साधा जमू द्या. पिठीसाखर आणि लिंबू ही मूळची जोडी, मला अजूनही तीच सगळ्यात आवडते. थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी असते तेव्हा ती चिरून साखर लावून अर्धा तास ठेवलेली, रसासकट. एप्रिल मे मध्ये हापूसच्या फोडी, आमरस नको, आमरसाने कडा लगेच मऊ पडतात.

उद्या करणार असाल तर क्रम असा ठेवा: बॅटर करून झाका, ओटीजी २३० ला लावा, खाणाऱ्यांना टेबलावर बसवा, लिंबू कापून ठेवा, मग पॅन गॅसवर. खाणारे आधी बसलेले हवेत हे गमतीने म्हणत नाहीये, बाहेर काढल्यापासून एक दोन मिनिटांत तो खाली येतो आणि फुगलेला बघायचा असेल तर सगळ्यांनी हजर असायला हवं.

आणि ह्यावेळी फक्त एवढंच बदला, भांडं, गॅसवर तापवणं, ओव्हनचं तापमान आणि प्रमाण, बेकिंग पावडर वगळून. रॅक मात्र खालचीच. पंखा, कॉर्नफ्लोअर वगैरे पुढच्या वेळी. तरी नाही फुगला तर खालचा भाग कसा झाला ते बघून लिहा. खालून तपकिरी आणि तरी चपटा असेल तर बॅटर दाट आहे किंवा वरचा रॉड फार जवळ आहे, खालून फिकट असेल तर पॅन अजून कमी तापलंय, आणि खालून काळा होऊन मधे ओला असेल तर गॅसवर जास्त वेळ राहिला, आच कमी करा. उरलाच तर मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, चामडं होतं, मंद तव्यावर झाकण न ठेवता दोन्ही बाजूंनी शेकून घ्या.